संक्रांत कशावर बसून येते? लाओसमधलं उत्तर

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारी उजाडला की आपल्या घरांत पंचांग उघडून एक गोष्ट हमखास बघितली जाते: यंदा संक्रांत कशावर आली? हाच प्रश्न एप्रिलच्या मध्यावर, तिथल्या नववर्षाच्या वेळी, लाओसमधल्या लुआंग प्रबांग या मेकाँगकाठच्या शहरात विचारला जातो. तिथे मात्र उत्तर वाचून भागत नाही. देवीचं वाहन घडवावं लागतं, सजवावं लागतं आणि भर रस्त्यातून मिरवावं लागतं.

तिथली संक्रांतदेवी म्हणजे नांग सांगखान. तिची कथा अशी. चार मुखांच्या काबिनलाफोम या ब्रह्माने थम्माबान नावाच्या हुशार तरुणाला कोडं घातलं: माणसाचं तेज सकाळी कुठे असतं, दुपारी कुठे, संध्याकाळी कुठे? पैजेला मस्तकं लागली होती. तरुणाला पाखरांची भाषा येत होती. झाडावरच्या पक्ष्यांचं बोलणं त्याच्या कानावर पडलं आणि उत्तर सापडलं. सकाळी तेज चेहऱ्यावर, म्हणून माणूस तोंड धुतो. दुपारी छातीवर, म्हणून तिथे पाणी शिंपडतो. रात्री पायांत, म्हणून पाय धुऊन निजतो. ब्रह्मा हरला. पण त्याचं मस्तक जमिनीवर पडलं तर पृथ्वी जळेल, आकाशात फेकलं तर पाऊस थांबेल, समुद्रात टाकलं तर समुद्र आटेल. मग त्याच्या सात मुलींनी ते तबकात झेललं. दर नववर्षाला त्यांच्यातली एक जण ते घेऊन मेरूची प्रदक्षिणा करते.

कोणाची पाळी, ते नववर्षाच्या वारावरून ठरतं, आणि प्रत्येकीचं वाहन वेगळं. रविवारची गरुडावर, सोमवारची वाघावर, मग रानडुक्कर, गाढव, हत्ती, रेडा आणि शनिवारी मोर. आता आपल्या पंचांगातली करणांप्रमाणे, म्हणजे तिथीच्या अर्ध्या भागांप्रमाणे, येणारी वाहनं आठवा: सिंह, वाघ, वराह, गाढव, हत्ती, रेडा, घोडा. दोन टोकं बदलली, मधली पाच त्याच क्रमाने उभी! देवीच्या हातातलं शस्त्र, तिचं खाणं, ती बसलेली की उभी की निजलेली, हेही दोन्हीकडे सांगितलं जातं. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला.

लुआंग प्रबांगमध्ये दरवर्षी एका तरुणीची नांग सांगखान म्हणून निवड होते. वाहनावर बसून ती शियंग थोंग या सोळाव्या शतकातल्या मंदिराच्या वाटेने निघते. सोबत चारमुखी मस्तकही असतं. कारागिराला वाहन निवडायचा हक्क नाही, ते वारानेच ठरवलेलं. पण रानडुकराच्या चेहऱ्यावर राग आणायचा की रुबाब, हे सगळं त्याचं. मला ही कला संग्रहालयातल्या मूर्तीइतकीच मोलाची वाटते, कारण ती दरवर्षी नव्याने करावी लागते आणि त्यामुळे करणारे हातही तयार राहतात.

मिरवणुकीत आणखी एक जोडपं नाचतं: पु न्यू आणि न्या न्यू, लाल चेहऱ्यांचे, अंगभर झिपऱ्यांचे आजोबा-आजी. सूर्य झाकून टाकणारा राक्षसी वेल त्यांनी तोडला आणि त्याखालीच ते गेले, अशी कथा आहे. त्यांच्यासोबत सिंहही असतो. हे मुखवटे नुसती सजावट नव्हेत. लोक त्यांना पूर्वज मानून हात जोडतात.

आपल्याकडे मात्र संक्रांतीचं वाहन ऐकून लोक धास्तावतात, काय महागेल, कोणावर संकट येईल याची चर्चा करतात. तिचं चित्र फारसं कोणी काढत नाही. चित्रकलेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या जानेवारीत मुलांना पंचांगातलं वर्णन वाचून दाखवा, वाहन, वस्त्र, हातातलं शस्त्र, सगळं. मग बांबू, कागद, रंग द्या आणि ती संक्रांत शाळेच्या रस्त्यावरून मिरवू द्या.

नमस्कार.