आधी पडायला शिकलेला पोरगा

नमस्कार मंडळी. ज्युदो म्हटलं की आपल्याला पांढरा ड्रेस, कमरेला पट्टा आणि धाडकन आपटलेला माणूस आठवतो. पण हा ज्युदो ज्यांनी काढला ते जपानचे कानो जिगोरो पोरवयात स्वतःच इतके आपटले गेलेत की विचारू नका, आणि मला वाटतं ज्युदोतली अक्कल सगळी त्या आपटण्यातूनच आलीय.

जन्म 1860 चा, कोबेजवळच्या मिकागे गावातला. घर खातंपितं. आई लहानपणीच गेली, मग वडिलांनी पोराला टोकियोला आणलं आणि चांगल्या शाळेत घातलं. इंग्रजी शिकला, अभ्यासात हुशार, पण अंगापिंडानं अगदीच किरकोळ, मोठा झाल्यावरसुद्धा उंची पाच फुटांच्या थोडीशीच वर. आता हॉस्टेलमध्ये असा पोरगा सापडला की दांडगी पोरं काय करतात ते तुम्हाला माहितीये, ते सगळीकडे सारखंच असतं. त्यानं ऐकलं होतं की जुजुत्सु, म्हणजे जपानची जुनी झटापटीची विद्या, शिकलं की बारका माणूस मोठ्याला लोळवतो. म्हणून घरी येणाऱ्या ओळखीच्या माणसांच्या मागे लागला, मला शिकवा म्हणून. कुणी शिकवेना. तो काळच तसा होता, 1868 नंतर राज्य बदललं, सामुराईंची सद्दी संपली, सगळ्यांना रेल्वे आणि कोट-पॅन्टचं वेड, त्यामुळे जुजुत्सु म्हणजे म्हातारे लोकांचं जुनाट काहीतरी असं झालं होतं. वडिलांचंही तेच मत.

मग ह्यानं एक भारी डोकं लावलं. जुजुत्सुचे जुने उस्ताद पोटासाठी हाडं बसवायचं काम करायचे, त्यामुळे हाड बसवणाऱ्याची पाटी दिसली की हा आत जाऊन विचारायचा, तुम्हाला जुजुत्सु येतं का हो? असं विचारत विचारत 1877 मध्ये त्याला फुकुदा हाचिनोसुके भेटले. त्याच वर्षी टोकियो युनिव्हर्सिटीत ॲडमिशन पण झालं होतं. म्हणजे दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी आपटून घेणं.

ह्या फुकुदांची शिकवायची पद्धत ऐका. पोरानं विचारलं की हा डाव करताना हात कुठे धरायचा, पाय कुठे टाकायचा, की मास्तर म्हणायचे ये इकडे, आणि द्यायचे फेकून. उठून परत विचारलं की परत फेकायचे. विचारून कळत नसतं, करत राहा, आपोआप येईल, एवढंच उत्तर. अंग सगळं खरचटलेलं, कायम मलम लावलेलं, कॉलेजातली पोरं हसायची. खरं सांगतो, मला ही पद्धत आवडत नाही, आज क्लासमध्ये असं केलं तर पालक दुसऱ्या दिवशी दारात उभे राहतील. पण त्यातून झालं असं की उत्तर मिळेना म्हणून हा पोरगा स्वतःच शोधायला लागला.

फुकुदांकडे फुकुशिमा नावाचा एक दांडगा गडी होता, तो काही केल्या पडेना. कानोनं आधी सुमोवाल्याला डाव विचारून पाहिले, ते चालले नाहीत. मग हा चक्क लायब्ररीत गेला! तिथे पाश्चात्य कुस्तीच्या पुस्तकात एक डाव सापडला, खाली घुसून माणसाला खांद्यावर आडवा घ्यायचा आणि पलीकडे टाकायचा. मित्रांवर प्रॅक्टिस केली आणि फुकुशिमा पडला. ज्युदोत ह्याला काता-गुरुमा म्हणतात, आपल्या तालमीतल्या लोकांना ह्यावरून कलाजंग आठवेल.

1879 मध्ये फुकुदा वारले, मग इसो मासातोमोंकडे गेला, 1881 मध्ये तेही गेले. तिसरे गुरू भेटले इइकुबो त्सुनेतोशी, जुजुत्सुच्या कितो-र्यू घराण्याचे, पन्नाशीच्या आसपासचे, पण फेकण्यात असले पक्के की कानोला त्यांच्यापुढे काही सुचायचं नाही. 1882 मध्ये कानोनं टोकियोच्या एइशोजी देवळात स्वतःची शाळा काढली, कोदोकान. जागा बारा तातामींची (तातामी म्हणजे जपानी चटई), म्हणजे साधारण बारा बाय अठरा फुटांची खोली, आणि विद्यार्थी नऊ. पोरं आपटली की देवळाची जमीन हादरायची, पुजारी वैतागायचे.

इइकुबो त्या देवळातही शिकवायला यायचे. त्यांच्याशी खेळता खेळता कानोच्या लक्षात एक गोष्ट आली. समोरच्याची ताकद दहा धरा आणि माझी सात. त्यानं ढकललं आणि मी अडलो तर मी हरणारच. पण मी न अडता मागे सरकलो तर तो आपल्याच जोरानं पुढे झुकतो, तोल जातो, आणि त्या क्षणी त्याची ताकद दहावरून तीनवर येते. मग मला सातही लागत नाहीत, निम्म्यात काम होतं. ह्या तोल मोडण्याला कुझुशी म्हणतात. आधी तोल मोडायचा आणि मगच डाव टाकायचा, उलटं केलं की नुसती झोंबाझोंबी होते, आमच्याकडे नवीन पोरं महिनोन्‌महिने तेच करत असतात.

एके दिवशी इइकुबोंचा एकही डाव चालेना आणि कानोचे मात्र लागोपाठ लागायला लागले. म्हाताऱ्यांनी विचारलं हे काय चाललंय, तर कानोनं सगळं समजावून सांगितलं, म्हणजे बघा, ज्या पोराला कुणी नीट समजावलं नाही तो आपल्या गुरूंना समजावत होता. ऐकून ते म्हणाले की आता तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही राहिलं नाही, इथून पुढे तू पोरांबरोबर सराव कर. त्यानंतर दोघं एकमेकांशी फारसे खेळलेच नाहीत.