मूडबोर्ड नंतर, आधी वाण्याचं दुकान

(डिझाइनच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

डिझाइनच्या मुलांशी बोलायला गेलं की एक प्रश्न हमखास येतो, मॅडम आयडिया कुठून येतात हो? आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एखाद्या वेबसाइटचं नाव ऐकायची तयारी असते. पिंटरेस्टसारख्या वेबसाइटवरून चित्रं गोळा करायची आणि ती एका फळ्यावर लावून मूडबोर्ड करायचा, याच्या मी विरोधात नाही, मीपण वापरते. पण होतं काय, तुम्ही तिथे मसाल्याचं पॅकेजिंग असं शोधलं की पुण्यातल्या मुलीला, जयपूरच्या मुलाला आणि बर्लिनमधल्या कुणाला जवळपास तीच चित्रं दिसतात, मग सगळीकडे तोच क्रीम कलर, तीच बारीक रेघेतली मिरची. आणि मुख्य म्हणजे ते चित्र हे दुसऱ्या कुणाचं तरी उत्तर असतं, त्याच्यापुढे अडचण काय होती, बजेट किती होतं, वापरणारा माणूस कोण होता, यातलं काही त्या चित्रात दिसत नाही. रोजच्या वापरातल्या वस्तूचं तसं नसतं, तिथे अडचण शेजारीच उभी असते, आपण नुसतं थांबून बघायचं असतं.

डबेवाल्याच्या डब्याचं झाकण घ्या. डबेवाल्यांबद्दल तुम्ही मॅनेजमेंटवाल्यांकडून खूप ऐकलं असेल, किती अचूक वगैरे, मी ते सोडून देते. मला त्या झाकणावरच्या खुणा बघायच्या आहेत. मधे एक मोठा आकडा, तो डबा कुठल्या भागात उतरवायचा त्याचा. कडेला छोट्या अक्षरात कुठल्या माणसाने तो पोचवायचा, कुठली बिल्डिंग, कितवा मजला, आणि कुठल्या स्टेशनवरून निघाला त्याची खूण. जेवणाऱ्याचं नाव नाही, पूर्ण पत्ता नाही. आता विचार करा हे असं का? एक डबा घर ते ऑफिस जाताना तीनचार जणांच्या हातातून जातो आणि प्रत्येकाला त्यातली फक्त स्वतःच्या कामाची एक गोष्ट हवी असते. गाडी स्टेशनात जेमतेम अर्धा मिनिट थांबते, तेवढ्यात डबे काढायचे, चढवायचे, गर्दीतून वाट काढायची. मग घाईत लांबून वाचायचं ते मोठं आणि मधे, आणि जे शेवटच्या माणसाला बिल्डिंगखाली उभं राहून निवांत वाचता येतं ते छोटं आणि कडेला. ज्याला आपण वर्गात इन्फॉर्मेशन हायरार्की म्हणतो, म्हणजे कुठली माहिती आधी आणि ठळक दिसावी त्याचा क्रम, आणि ज्याच्यावर अख्खं सेमिस्टर घालवतो ती इथे ऑइलपेंटने हाताने रंगवलेली आहे, आणि ही व्यवस्था 1890 च्या सुमारास सुरू झाली, खुणा त्यानंतर काळाप्रमाणे बदलत गेल्या.

मी एका हॉस्पिटलच्या साइनेजचं, म्हणजे वाट दाखवणाऱ्या पाट्यांचं काम करत होते तेव्हा हे झाकण माझ्या टेबलावर होतं. मी त्याचे रंग घेतले नाहीत, अक्षरं घेतली नाहीत. फक्त विचारत राहिले की इथे उभा राहणारा माणूस कोण, त्याच्याकडे वेळ किती, आणि त्याला या क्षणी कुठली एकच गोष्ट हवी आहे. लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्या नातेवाईकाला अख्ख्या मजल्याची यादी नको असते हो, त्याला डावीकडे की उजवीकडे एवढंच हवं असतं. यादी पुढे बाकाजवळ लावली, तिथे तो बसतो, वाट बघतो, वाचतो.

तर दिसणं उचलायचं नाही, त्यामागचं कारण उचलायचं, माझं आजचं सगळं बोलणं खरं तर एवढ्याचसाठी आहे.

विळी बघा, घरात असेल तर आज रात्री खरंच जमिनीवर बसून बघा. सुरीत भाजी स्थिर असते आणि पातं हलतं. विळीत पातं स्थिर, भाजी हलते. पाट पायाखाली किंवा गुडघ्याखाली दाबलेला, त्यामुळे अवजार धरायला हातच लागत नाही, दोन्ही हात भाजीला मोकळे, आणि जोर मनगटाचा न लागता खांद्याचा आणि अंगाचा लागतो, म्हणून लाल भोपळा किंवा सुरण सुरीपेक्षा विळीवर सोपा जातो. पात्याच्या टोकाला दातेरी गोल चकती, म्हणजे नारळ खवायची सोय त्याच वस्तूत. माझ्या आईला विळीवर मेथी चिरताना बघताना मला नेहमी वाटतं की या वस्तूने शरीराचा जेवढा विचार केलाय तेवढा आपल्या किती प्रॉडक्टमधे असतो! आता हे घेऊन परत विळी बनवा असं मी म्हणत नाहीये, ओट्यावर उभं राहून स्वयंपाक करणाऱ्यांना ती गैरसोयीची आहे, लहान मुलं असलेल्या घरात तर धोक्याची. पण ज्या माणसाचा एक हात चालत नाही त्याच्यासाठी काही करायला घ्या आणि मग हा विचार करा, अवजार स्थिर आणि वस्तू हलती. बघा किती दारं उघडतात.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं नाही. जपानचे डिझायनर नाओतो फुकासावा यांनी 1999 च्या सुमारास मुजी या जपानी कंपनीसाठी भिंतीवरचा सीडी प्लेयर केला. दिसायला स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनसारखा, खाली लोंबणारी दोरी, दोरी ओढली की गाणं सुरू. तसा फॅन आणि तशी दोरी लोकांच्या रोजच्या बघण्यातली होती, म्हणून कुणाला शिकवावं लागलं नाही, हात आपोआप दोरीकडे जातो, आणि फॅन सुरू झाल्यावर जसं आपण वाऱ्याची वाट बघतो तसं मन गाण्याची वाट बघतं. आणि चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं, ते भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे आले होते, त्यांनी 1958 साली जो अहवाल दिला, ज्याच्यानंतर 1961 मधे अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, त्यात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं? लोट्याचं, म्हणजे आपल्या तांब्याचं. तो भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा, हातात कसा बसतो, डोक्यावर किंवा कमरेवर कसा नेतात, ओतताना धार कशी पडते, आपण ज्याच्याकडे ढुंकून बघत नाही त्याला त्यांनी एवढे प्रश्न विचारले.

इथे एक गोष्ट मला जोर देऊन सांगायची आहे कारण तुम्ही सगळे उद्या काम करणार आहात. रोजच्या आयुष्यातून घेतलं म्हणजे ते बेवारस होतं असं नाही. जून 2025 मधे मिलानच्या फॅशन शोमधे प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने ज्या चपला दाखवल्या त्या बघून इथे कुणालाही एका नजरेत कळलं की ही आपली कोल्हापुरी, पण सुरुवातीला त्यांनी नुसतं लेदर सँडल म्हटलं, कारागिरांचा उल्लेख नाही, गदारोळ झाल्यावर मग मान्य केलं. कोल्हापुरीला 2019 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे जिल्हे त्यात आहेत. मला त्या प्रकरणात राग याचा आला की उचललं ते फक्त दिसणं आणि करणारे हात गायब. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं कातडं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने केलेली शिवण, हे ज्याला माहितीये तो ती चप्पल बघून नाव विसरू शकत नाही. म्हणून ज्याच्याकडून शिकलात त्याला विचारा, त्याचं नाव प्रेझेंटेशनमधे घाला, आणि पैसे होत असतील तर त्यात त्याचा वाटा ठेवा. कॉलेजच्या प्रोजेक्टपासूनच ही सवय लावा.

आता करायचं काय ते सांगते. फोटो काढू नका, निदान आधी काढू नका, फोटो काढला की डोकं म्हणतं झालं काम. वही काढा आणि वस्तू वापरात असताना चित्र काढा, वाईट आलं तरी चालेल. जुन्या वाण्याच्या दुकानात पुड्या बांधताना बघा, दोऱ्याचं रीळ डोक्यावर टांगलेलं असतं, टोक हाताशी लोंबतं, कागद दुमडला की त्याच ओघात दोरा ओढला, गुंडाळला, झटक्यात तोडला, कात्री नाही, सेलोटेप नाही. हे फोटोत येतच नाही, कारण गंमत हालचालीत आहे. चित्र काढायला दहा मिनिटं उभे राहिलात तरच लक्षात येईल की रीळ वर का आहे, गल्ल्यावर का नाही. आणि मग त्यालाच विचारा, लोक आपल्या कामाबद्दल भरभरून बोलतात, फक्त गिऱ्हाईक नसेल तेव्हा विचारा.

शेवटी कुणीतरी चिठ्ठी पाठवलीये, की क्लायंटला हे पटत नाही, त्याला परदेशी रेफरन्सच, म्हणजे तिकडच्या कामांचे नमुनेच हवे असतात, मग काय करायचं? मी क्लायंटला पहिल्या मीटिंगला स्लाइड दाखवतच नाही. ज्या दुकानात त्याचा माल विकला जातो तिथे त्याला घेऊन जाते आणि आम्ही दोघं तासभर कोपऱ्यात उभे राहतो, त्याचा पुडा लोक कुठल्या हाताने उचलतात, काय वाचतात, घरी नेल्यावर कात्रीने कापतात का दाताने, हे दुकानदाराला विचारतो. परत येताना गाडीत बहुतेक वेळा तोच बोलत असतो. ज्याला तरीही रेफरन्स हवेत त्याला मी ते देते, पण तोपर्यंत आमचा ब्रीफ, म्हणजे नेमकं काय करायचं ते, बदललेला असतो.