पहिली बातमी कुणाची?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, वेचणीचे दिवस आहेत. दिवसभर वावरात राबून तुम्ही इथं आलात, म्हणून सरळ विषयाला हात घालतो.

सरकारी रेडिओ निःपक्ष आहे का, असं विचारलं की बहुतेकांना निवडणूक आठवते. या पक्षाला किती मिनिटं, त्या पक्षाला किती. तो हिशेब त्यातल्या त्यात सोपा. आकाशवाणी-दूरदर्शनवर मान्यताप्राप्त पक्षांना निवडणुकीत वेळ वाटून देतात, त्यावर निवडणूक आयोगाची नजर असते आणि कुणाला किती वेळ ते कागदावर असतं. मला काळजी वाटते ती निवडणूक नसलेल्या दिवसांची.

दहा मिनिटांचं बातमीपत्र म्हणजे साधारण हजार-अकराशे शब्द. मी बरीच वर्षं अशा टेबलावर काम केलं आहे, तेव्हा तिथलं चित्र सांगतो. दुपारपासून कागद यायला लागतात. जिल्हा माहिती कार्यालयाची प्रेसनोट येते, पालकमंत्र्यांच्या आढावा बैठकीची. नावं, हुद्दे, आकडे सगळं जागच्या जागी, निवेदकाच्या हाती तशीच द्यावी अशी. त्याच वेळी एखाद्या तालुक्यातून वार्ताहराचा फोन येतो: फवारणी करून आलेल्या दोन मजुरांना दवाखान्यात नेलंय, डोळ्यांना धूसर दिसतंय म्हणतात. आता डॉक्टर वॉर्डात आहेत, तालुका कृषी अधिकारी फोन उचलत नाहीत, कोणतं औषध फवारलं ते घरच्यांना सांगता येत नाही. बातमीपत्राला उरलाय अर्धा तास. बैठकीची बातमी जाते, मजुरांची उद्यावर पडते. कुणी खोटं बोललेलं नसतं, वरून कुणाचा दबावही आलेला नसतो. तरी रोज संध्याकाळी तराजू एकाच बाजूला झुकतो, कारण एका बाजूची बातमी तयार होऊन येते आणि दुसरीकडची जाऊन आणावी लागते.

2017 चा पावसाळा तुम्हाला मी सांगायला नको. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, छातीच्या वर गेली होती, फवारा मारला की तोंडावरच यायचा. आपल्या जिल्ह्यात विषबाधेनं वीसेक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. ऑगस्टपासून रुग्ण येत होते, पण राज्यभर बोंब झाली ती सप्टेंबर सरता सरता. मी एकट्या रेडिओकडे बोट दाखवत नाही, वर्तमानपत्रं आणि टीव्हीही उशिराच जागे झाले. पण खरिपात कास्तकाराशी रोज बोलणं हे ज्याचं ठरलेलं काम, त्याच्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे.

मग बातमी सुरू झाल्यावर 'दोन्ही बाजू' आल्या. एकीकडून सांगितलं गेलं की मजुरांनी मास्क, हातमोजे वापरले नाहीत. दुसरीकडून मजूर म्हणाले, आम्हाला दिले कुणी? दोघांना अर्धा-अर्धा मिनिट दिला की समतोल साधला, असं मानणारे संपादक मी पाहिले आहेत. मला ते काम टाळणं वाटतं. कृषी केंद्रात त्या आठवड्यात हातमोजे होते का, कोणती औषधं एकत्र कालवून विकली गेली, दवाखान्याच्या नोंदवहीत काय लिहिलंय, हे जाऊन बघता येतं. जे बघून ठरवता येतं, ते दोन मतांच्या मध्ये लटकवून ठेवायचं नाही. इंग्लंडात बीबीसीच्या विज्ञानविषयक बातम्यांची 2011 मध्ये प्रा. स्टीव्ह जोन्स यांनी तपासणी केली, तेव्हा त्यांनीही हाच दोष दाखवला होता: पुरावा एका बाजूला भक्कम असताना विरुद्ध मताला बरोबरीची जागा द्यायची.

आता जाब कुणाला विचारायचा? सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये निकाल दिला की प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. मुख्य निकालपत्र आपल्या न्यायमूर्ती पी. बी. सावंतांचं. आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा 1990 चा, लागू झाला 1997 मध्ये. त्याचं बारावं कलम जरूर वाचा. नागरिकाला मोकळी, खरी, वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा हक्क जपावा, विरोधी मतंही मांडावीत, स्वतःची विचारसरणी पुढे रेटू नये. आणि शेती, ग्रामविकास यांकडे विशेष लक्ष द्यावं. इतकं स्वच्छ लिहिलेलं आहे. चौदाव्या कलमात श्रोत्यांच्या तक्रारी ऐकायला प्रसारण परिषद सांगितली आहे. ती परिषद अजून कामाला लागलेली नाही, याचं मला मनापासून दुःख आहे. बीबीसीही चुकते, पण तिथं आधी बीबीसीकडे आणि समाधान झालं नाही तर ऑफकॉम या बाहेरच्या नियामकाकडे जाता येतं. आपल्याकडे खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभाच नाही, आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा लावाव्या लागतात. म्हणजे रेडिओवर बातमी देणारा एकच आणि त्याच्यावरची तक्रार ऐकणारी परिषद नाही.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: मोबाइलवर सगळं कळतं, मग रेडिओची एवढी चिंता कशाला? ताई, मोबाइलवर आलेल्या क्लिपला बारावं कलम लागू नाही. आकाशवाणीला आहे, म्हणून तर तिच्याकडे हक्कानं मागता येतं.

माझी विनंती आहे की या वाचनालयात महिनाभर रोज संध्याकाळचं बातमीपत्र ऐकून रजिस्टर भरावं. पहिली बातमी कोणती, ती कुठली, त्यात मंत्री-अधिकारी बोलले की कास्तकार-मजूर. महिन्याच्या शेवटी ते आकाशवाणीच्या केंद्रप्रमुखांना पाठवून लेखी उत्तर मागा. प्रसार भारतीला माहितीचा अधिकार लागू आहे, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. अर्जात 'अमुक बातमी का दिली नाही' असं विचारू नका, त्याला उत्तर मिळणार नाही. अमुक तारखेच्या बातमीपत्राची संहिता मागा. आलेल्या तक्रारी आणि त्यांवर काय केलं, याच्या नोंदीची प्रत मागा. अर्ज लिहायला मी थांबतो, आणि सोमवारपासून रजिस्टर कोण धरणार ते आत्ताच ठरवू या.