बसायला जातो

(अंधार. बादलीत पाणी पडण्याचा आवाज. स्वयंपाकघरातला दिवा लागतो.)

पहाटेचे पाच वाजलेत. इंदूरच्या छावणी भागातल्या या दोन खोल्यांच्या घरात आज पाण्याची पाळी आहे. सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून नर्मदेचं पाणी घाट चढून शहरात येतं, आणि या गल्लीत ते एक दिवसाआड येतं. काकू आधी पिंप भरतात, मग पातेली, शेवटी तांब्याची कळशी. ही कळशी मिरजेहून आलेली. ती भरत येते तसा पाण्याचा आवाज बारीक होत जातो आणि पलीकडच्या खोलीत काकाही आपला आवाज तेवढाच खाली आणतात. ते स्तोत्र वाचत असतात. पाण्याच्या दिवशी सकाळचा शास्त्रपाठ असा दोन खोल्यांत मिळून होतो. वाचणारे खुर्चीत, ऐकणाऱ्या नळापाशी.

काकांचं वय ७६, काकूंचं ७१. पहिल्याच भेटीत काकू म्हणाल्या, "नावं घालू नका बाई. इथे आम्हाला नावानं कोण ओळखतं?" खरंच आहे ते. चर्चच्या मंडळीत हे दोघे काका-काकू. रुग्णालयात काकू 'सिस्टर', काका 'मास्टरजी'. या फिल्ममध्येही तेवढंच राहील.

(गॅसवर पोहे. कांदा परतला जातोय.)

इंदूरला येऊन नऊ वर्षं झाली, काकू पोहे अजून मिरजेसारखेच करतात. कांदा, मिरची, शेंगदाणे, वर खोबरं. काका मात्र आता त्यावर शेव आणि जिरावन हा इंदुरी मसाला घालून घेतात.

काकू मिरजेच्या. विल्यम वान्लेस या डॉक्टरांनी १८९४ साली सुरू केलेल्या तिथल्या मिशन हॉस्पिटलमध्ये त्या नर्सिंग शिकल्या. काका सांगलीत गणित शिकवायचे. नऊ वर्षांपूर्वी दोघं इंदूरला आले ते नातू सांभाळायला. दोन वर्षांत जावयांची बदली पुण्याला झाली. सगळ्यांचं सामान बांधून तयार होतं. तेव्हा मंडळीतल्या एक वयस्क बाई रुग्णालयात होत्या, त्यांच्या मागंपुढं कुणी नव्हतं, आणि काकू रोज त्यांच्यापाशी बसत होत्या.

काकू: "म्हटलं, ह्यांना अशा टाकून कसं जायचं? एक महिना थांबू. महिन्यानं त्या घरी गेल्या. तोवर शेजारच्या खाटेवरच्या बाई विचारायला लागल्या, सिस्टर, उद्या येणार ना?"

तो महिना अजून संपलेला नाही.

(जुन्या दगडी इमारती. झाडं. सायकलवरून जाणारी मुलं.)

मिशन हा शब्द या शहराला नवा नाही. १८७७ साली कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी इंदूरला पोचले. १८८४ मध्ये डॉ. एलिझाबेथ बीटी आल्या, दोन वर्षांनी डॉ. मॅरियन ऑलिव्हर. परपुरुषापुढे नाडीसाठी हात पुढे करायलाही बायका लाजायच्या, अशा काळात या दोघी डॉक्टर म्हणून आल्या. १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज उभं राहिलं. पुढे किशोरकुमार शिकले ते हेच कॉलेज. वान्लेससुद्धा जन्मानं कॅनडाचेच, हे काका प्रत्येक पाहुण्याला आवर्जून सांगतात. एका मिशननं काकूंच्या हाताला काम शिकवलं, दुसऱ्याच्या सावलीत त्या आता राहतात, याचा त्यांना मनापासून आनंद वाटतो.

ती माणसं तरुणपणी आली, बोटीनं आली, पाठीशी त्यांची मंडळी होती. निवृत्त जोडप्यांना मिशनवर पाठवण्याची पद्धतही जगात आहे. लॅटर-डे सेंट्सच्या, म्हणजे मॉर्मन, चर्चमध्ये अशी जोडपी ६ ते २३ महिन्यांसाठी जातात, आणि बहुतेक खर्च स्वतःचा स्वतः करतात. काका-काकूंना मुदत नाही, नेमणुकीचं पत्र नाही. पाळकसाहेबांनी एकदा उपासनेनंतर दोघांना पुढे बोलावून प्रार्थना केली, एवढाच काय तो विधी. खर्च दोघांच्या पेन्शनमधून चालतो.

(ई-रिक्षा. काकूंच्या मांडीवर थर्मास, काकांच्या पायाशी कापडी पिशवी.)

सकाळी साडेनऊ. महाराजा यशवंतराव रुग्णालय, सगळ्या शहराचं 'एमवाय'. इंदूरबरोबर धार, झाबुआ, अलीराजपूर, खरगोन, बडवानी इथूनही माणसं इथे येतात. त्यांतली कितीतरी आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या इमारतीत शिरत असतात. पर्ची कुठे काढायची, रक्ताची बाटली घेऊन कोणत्या दाराशी जायचं, आयुष्मान कार्डाचा कागद कोणाला दाखवायचा, अशा प्रश्नांतच पहिला दिवस जातो. काका दाराशी उभे राहतात आणि ज्याच्या हातात कागद आहे पण पाय हलत नाहीत, अशा माणसाला हेरतात. चाळीस वर्षं वर्गात मागच्या बाकांवर नजर ठेवल्याचा हा फायदा, असं ते म्हणतात.

आत आम्ही कॅमेरा नेला नाही. आजारी माणसाचा चेहरा दाखवायचा हक्क आम्हाला नाही, असं काकूंनी सांगितलं आणि आम्हाला ते पटलं. म्हणून इथून पुढे थोडा वेळ तुम्हाला फक्त वस्तू दिसतील.

(टेबलावर कापडी पिशवीतलं सामान एकेक करून.)

दोन पॉवर बँक. रंगीत रबरबँडांची पुडी, चार्जिंगला दिलेला मोबाइल कोणाचा हे विसरू नये म्हणून. कात्री, डिंक, जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद. या कागदांची काका औषधांची कार्डं करतात. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र. प्रत्येक चित्राखाली गोळीच्या वेष्टनाचा एक तुकडा चिकटवलेला. जेवणाआधी घ्यायची असेल तर रिकामी थाळी, जेवणानंतर असेल तर भरलेली. ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांच्यासाठी ही सोय. डॉक्टरांच्या चिठ्ठीशी काकूंनी ताडून पाहिल्याशिवाय एकही कार्ड काकांच्या हातून सुटत नाही. मागे एकदा त्यांनी दुपार आणि रात्र उलटी चिकटवली होती. काकूंनी ते पकडलं. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

आणि एक घडीचं स्टूल. ते काकूंचं.

काकू: "उभं राहून बोललं की माणसाला वाटतं, ही आता जाणार. बसलं की वाटतं, आहे."

(अगदी जवळून: मटारच्या शेंगा, बायकांचे हात. काकूंच्या घरी चित्रित.)

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. झाबुआकडची एक बाई. नवरा झाडावरून पडला होता, कमरेखाली हालचाल नव्हती. बाई भिंतीला टेकून बसलेली असायची. चार दिवस कोणाशी बोलली नाही. चहा दिला तर घ्यायची आणि कप खाली ठेवायची. हिंदी तिला थोडी येत होती, काकूंना तिची भिली येत नव्हती. पाचव्या दिवशी काकूंनी येताना बाजारातून दोन किलो मटार आणले, घरी न्यायला म्हणून. व्हरांड्यात तिच्याशेजारी बसल्या आणि पिशवी उघडून सोलायला लागल्या. बोलल्या काहीच नाहीत. थोड्या वेळानं त्या बाईनं हात पुढे केला आणि मूठभर शेंगा आपल्या ओच्यात घेतल्या. दोघी सोलत राहिल्या. अर्धी पिशवी झाली तेव्हा ती म्हणाली, आमच्याकडे यंदा मक्याला पाऊस कमी पडला. मग तिनं तिच्या तीन मुलांची नावं सांगितली. मग रडली.

काकूंनी हे सांगितलं तेव्हा त्यांचे हात मांडीवर तसेच शेंग मोडल्यासारखे हलत होते. मला वाटतं, आम्ही दहा दिवस जे पाहायला इथे आलो होतो ते मला त्या हातांत दिसलं.

(काका, खिडकीजवळ खुर्चीत.)

एक प्रश्न विचारायलाच हवा होता. मध्य प्रदेशात धर्मांतराविषयीचा कायदा १९६८ पासून आहे, आणि २०२१ मध्ये त्याजागी नवा, अधिक कडक कायदा आला. चर्चची माणसं आजाऱ्यापाशी रोज बसतात म्हटल्यावर लोक विचारणारच. काकांना प्रश्नाचा राग आला नाही.

काका: "विचारावं की. आम्ही कुणाला बोलवायला जात नाही, बसायला जातो. प्रार्थना मागितली तरच करतो. खिशात पत्रकं नसतात, पिशवीतही नसतात. मिरजेला आमच्या घरासमोर मीरासाहेबांचा उरूस बघत मी मोठा झालो. माझी श्रद्धा माझ्यापाशी पक्की आहे. ती दुसऱ्याच्या उशाशी नेऊन ठेवायची वेळ ती नव्हे."

मंडळीतलं कोणी भरती असेल तर त्याच्यासाठी मात्र काका हळू आवाजात तेविसावं स्तोत्र म्हणतात. हिंदीतून. मराठीतलं पाठ आहे, हिंदीतलं त्यांनी इथे येऊन पाठ केलं, ७० व्या वर्षी.

(दुपार. बंद खिडक्या. पंखा.)

दुपारी जेवण, डुलकी, आणि आठवड्यातून दोनदा घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या भेटी. काकू रक्तदाब मोजतात, नखं कापून देतात.

भांडणही बहुतेक दुपारीच होतं. काकांचे दोन्ही गुडघे गेलेत. जुलैत ते रुग्णालयाच्या वाटेवर घसरून पडले आणि तीन आठवडे घरी होते. काकूंना आता परत जायचंय. मिरजेत घर आहे, बहीण आहे, कृष्णाकाठचं वांगं आहे. काका विषय टाळतात.

काकू: "मास्तर, तुम्ही पडलात तर तुमच्यापाशी कोण बसणार? मीच ना? मग त्या बाकीच्यांचं काय?"

काका: "पडलो नाही, घसरलो."

काकू हसल्या नाहीत. उठून आत गेल्या. कॅमेरा सुरूच होता, आणि काका बराच वेळ दाराकडे बघत राहिले. हा भाग फिल्ममध्ये ठेवू का, असं आम्ही नंतर दोघांना विचारलं. काकूच म्हणाल्या, "ठेवा. नाहीतर लोकांना वाटेल इथे सगळं गोडच आहे."

(संध्याकाळ. ओट्यावर सहा-सात मुलं.)

पाच वाजता गल्लीतली मुलं गणिताला येतात. शाळा हिंदी आणि इंग्रजी माध्यमाच्या, घरची भाषा कोणाची मालवी, कोणाची मराठी, कोणाची सिंधी. काका त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी शिकवतात. हे अपूर्णांकांचे पाढे आजकाल शाळांत सहसा शिकवत नाहीत. मुलांना पहिल्यांदा गंमत वाटते, मग एकदा दुकानदारानं दीड किलो शेवेचा हिशोब करायच्या आत आपण सांगितला की तीच मुलं दिडकीसाठी हट्ट धरतात. हे मी स्वतः पाहिलं. मुलगा नऊ वर्षांचा होता.

(पेटीचा सूर.)

रविवारची उपासना हिंदीत असते. काकूंना हिंदी गीतं आवडतात, पण त्या म्हणतात, त्यांत माझा श्वास बसत नाही. म्हणून महिन्यातून एकदा, शेवटच्या शनिवारी, चार मराठी ख्रिस्ती कुटुंबं या खोलीत जमतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि ख्रिस्ताची भक्ती त्यांनी आपल्या मातीतल्या अभंग-ओवीतून गायली. तीच भजनं इथे चालतात.

शेजारच्या आजींचं घराणं होळकरांच्या पदरी चाकरीला साताऱ्याकडून आलेलं. घरात विठोबा. पहिल्या वेळी भिंतीपलीकडून अभंग ऐकून त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. काकूंनी आत बोलावलं. आजी म्हणाल्या, "चाल ओळखीची आहे. शब्द तुम्ही सांगा, टाळ मी आणते." तेव्हापासून शेवटच्या शनिवारी टाळ त्यांचे असतात. आषाढी एकादशीला काकू त्यांच्याकडे बसतात, नाताळात आजी करंज्या लाटायला इकडे येतात.

(रात्र. दारावर थाप.)

चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी, सात वाजता, एक बाई दाराशी आली. डोक्यावर गाठोडं, सोबत दहा-बारा वर्षांची मुलगी. नवऱ्याला तपासणीसाठी आणलं होतं. आता तो कुबड्यांवर चार पावलं टाकतो. काकूंचं घर तिनं विचारत विचारत शोधून काढलं होतं, 'मटारवाली सिस्टर' एवढ्या खुणेवर. गाठोड्यात मक्याचं पीठ होतं. यंदा पाऊस बरा झाला, ती म्हणाली.

तिनं कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि पदर पुढे ओढला. आम्ही कॅमेरा खाली ठेवला.

(फक्त आवाज. नंतर रिकामं स्वयंपाकघर, स्टीलचा डबा.)

त्या गेल्यावर काकूंनी पीठ चाळून डब्यात भरलं. त्या पिठाच्या, झाडाच्या पानांत भाजलेल्या पानिया करायच्या की साधी भाकरी, यावर दोघांचं थोडं बोलणं झालं. पानं कुठून आणायची, काका म्हणाले. आजींच्या दारात झाड आहे, काकू म्हणाल्या, पण ती पानं चालतात का ते उद्या त्या बाईलाच विचारू, ती परवापर्यंत आहे. काकांनी उद्याच्या पिशवीत दोन पॉवर बँक टाकल्या. काकूंनी घड्याळाचा गजर पाचाला लावला, मग बोटांवर दिवस मोजले आणि सहाला सरकवला. उद्या पाणी नाही.