पाण्याविना सोनं: मोहावीतल्या एका बंद खाणीच्या पायथ्याशी

(तांबूस डोंगर. उतारावर खाणीतून उपसलेल्या चुऱ्याचे पांढुरके ओघळ. खाली धुळीचा लोट.)

कॅलिफोर्नियातलं मोहावी वाळवंट, रँड्सबर्ग गाव. १८९५ साली या डोंगरात सोनं सापडलं आणि पुढे इथली 'यलो अ‍ॅस्टर' खाण गाजली. सिंगलटन, मूअर्स आणि बर्चम हे तिचे तीन भागीदार. या जुन्या छायाचित्रातल्या बाई म्हणजे डॉ. रोझ बर्चम. डॉक्टरकीच्या कमाईतून त्यांनी नवऱ्याची, म्हणजे भागीदार बर्चम यांची, सोन्याच्या शोधातली डोंगरातली भटकंती चालवली. बाईंची ही गोष्ट एरवी तळटिपेत जाते, म्हणून इथे आधी सांगितली.

खाण सापडली, पण गावात पाणी नव्हतं. सोन्याचा दगड कुटायच्या गिरण्यांना पाणी लागतं. मग हा दगड गाड्यांत भरून डोंगराखाली गारलॉकला जायचा, कारण तिथे विहिरी होत्या. नंतर रेल्वे आली, खाणीने स्वतःची गिरणी उभारली आणि गारलॉक ओस पडलं. १९४२ साली युद्धासाठी तांबं आणि शिशाच्या खाणींना माणसं हवी होती, तेव्हा अमेरिकन सरकारने हुकूम काढून सोन्याच्या खाणी थांबवल्या. युद्ध संपलं तरी सोन्याचा भाव एका औंसाला ३५ डॉलरवरच बांधलेला, मजुरी मात्र दुप्पट झालेली. कित्येक खाणी परत उघडल्याच नाहीत.

(बोगद्याचं तोंड. लोखंडी जाळी.)

आम्ही आत गेलो नाही, तुम्हीही जाऊ नका. लाकडी टेकू कुजलेले असतात, हवेत प्राणवायू कमी असू शकतो, आणि अंधारात पायाखाली सरळ खोल शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखा उभा खड्डा, निघतो. जाळीतल्या आडव्या फटी वटवाघळांना ये-जा करण्यासाठी ठेवल्या आहेत.

तसंही, एकट्या माणसाच्या नशिबातलं सोनं बोगद्यात नसतंच. ते बाहेर असतं.

(कोरडा ओढा. फावडं, चाळणी. पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ.)

डोंगरातली गारगोटीची शीर हजारो वर्षं उन्हाने तडकते, सुटते. कधीतरी ढगफुटी होते आणि दगडगोट्यांसोबत सोन्याचे कण ओढ्यात उतरतात. सोनं पाण्याच्या १९ पट जड, गारगोटी जेमतेम अडीच पट. म्हणून पाण्याचा जोर कमी होतो तिथे सोनं आधी बसतं: वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, किंवा चुनखडीच्या त्या टणक थरावर, ज्याच्या खाली त्याला जाता येत नाही. हे गृहस्थ खणताहेत तो हाच थर. वरची भुसभुशीत वाळू त्यांनी बाजूला सारली; हाताच्या झाडूने फटी मात्र दोन-दोनदा झाडल्या.

(ड्रायवॉशर. भात्याची ठेक्यातली धडधड.)

हा ड्रायवॉशर, पाण्याऐवजी हवेने सोनं वेगळं करणारं यंत्र. १८९३ साली जवळच्या गोलर ओढ्यात सोनं सापडलं, तेव्हाही लोक असंच कोरडं सोनं पाखडत होते. वरच्या चाळणीतून बारीक माती तिरक्या फळीवर पडते. फळीला कापडाचा तळ, त्यावर आडव्या पट्ट्या, आणि खाली भाता. भाता हवेचा झोत मारतो, हलकी वाळू उसळून पट्टीपलीकडे उडते, जड ते पट्टीमागे बसतं. सुपात धान्य पाखडताना जड दाणा मागे राहतो, तसंच. फळीचा उतार जास्त झाला तर सोनंही वाहून जातं, कमी झाला तर वाळूच तुंबते. तो उतार ठरवायला गृहस्थांकडे कुठलंच माप नाही. उडणाऱ्या मातीकडे बघत ते यंत्राच्या पायाखाली एक चपटा दगड सरकवतात, आणि झालं.

माती मात्र खडखडीत कोरडी हवी. ओलसर असली की गोळे होतात आणि सोनं त्या गोळ्यांसकट बाहेर पडतं. पावसानंतर इथे काम बंद असतं ते यासाठी.

(जवळून: पॅन, काळी वाळू, बोट.)

पट्ट्यांमागे उरली ती काळी वाळू. बहुतेक मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं खनिज, म्हणून लोहचुंबकाला चिकटून निघून जाते. उरलेलं आता बादलीभर पाण्यात, पॅनमध्ये, म्हणजे सोनं धुवायच्या पसरट थाळीत. पाणी तेच पुन्हा पुन्हा वापरायचं. त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, नाहीतर पिठासारखं बारीक सोनं पाण्यावर तरंगून जातं. आता बघा, चमकणारं सगळं सोनं नाही. अभ्रक सावलीत विझतं. पायराइट, सोन्यासारखं दिसणारं खनिज, सुईने दाबलं की फुटतं. सोनं सावलीतही पिवळंच राहतं, आणि सुईखाली फक्त दबतं.

(पॅनच्या कडेला पिवळी रेघ.)

दिवसभराच्या फावड्याचे हे एवढे कण.

जुन्या खाणींच्या चुऱ्यात आर्सेनिक आहे, काही ठिकाणी पाराही. सरकारी फलक लावलेत, आणि गृहस्थ तोंडाला मास्क बांधतात.

(दगडांची रास. त्यात काचेची बरणी, आत घडी केलेला कागद.)

हा कागद म्हणजे क्लेमची, म्हणजे या जागेतलं खनिज काढण्याच्या हक्काची, नोटीस. १८७२ च्या कायद्यानुसार अमेरिकन नागरिकाला खुल्या सरकारी जमिनीवर असा हक्क नोंदवता येतो. आज मोठी कंपनी दरवर्षी फी भरून मोकळी होते. दहा किंवा त्याहून कमी क्लेम असलेल्या छोट्या माणसाला फी माफ होऊ शकते, पण त्यासाठी प्रत्येक क्लेमवर वर्षाला निदान १०० डॉलरचं काम करून तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. हा १०० डॉलरचा आकडा १८७२ पासून तोच आहे. या कायद्यात छोट्या माणसाच्या बाजूने टिकलेली एवढी एकच गोष्ट आम्हाला सापडली. माफीचा अर्ज १ सप्टेंबरपर्यंत पोचला नाही आणि फीही भरलेली नसली, तर क्लेम रद्द.