पडद्यावरची आपली माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुमच्याशी दूरदर्शनच्या मुंबई केंद्राबद्दल बोलणार आहे. आता आपण त्याला सह्याद्री वाहिनी म्हणून ओळखतो. पण सुरुवात मात्र रेडिओपासूनच करावी लागेल.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुण्याच्या आसपासच्या ५ जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं निवडली आणि प्रत्येक गावात एक श्रोतृमंडळ नेमलं. ठरल्या संध्याकाळी माणसं रेडिओभोवती जमायची आणि शेतीचा, आरोग्याचा, गावकारभाराचा कार्यक्रम ऐकायची. तो संपला की खरं काम सुरू व्हायचं. पटलं काय, नाही पटलं काय, आपल्या गावात यातलं काय जमेल, यावर चर्चा व्हायची. शंका केंद्राकडे लिहून जायच्या आणि पुढच्या कार्यक्रमांतून त्यांची उत्तरं मिळायची. गाव नुसतं ऐकत नव्हतं, उलट बोलतही होतं. सार्वजनिक प्रसारण म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी आधी या प्रयोगाकडे बोट दाखवतो.

मुंबईत दूरदर्शन आलं ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. साल लक्षात घ्या. वरळीचं केंद्र सुरू झालं तेव्हा निम्म्याहून अधिक महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता, माणसं खडी फोडायला जात होती. त्या दिवशी दूरदर्शन दिसलं ते मुंबई आणि परिसरात, ज्यांच्या घरी संच होता त्या थोड्या घरांत. राज्य एवढं मोठं आणि पडदा एवढासा. पुढे सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि चित्र पुण्यात पोचलं. ऐंशीच्या दशकात छोटी प्रक्षेपण केंद्रं गावोगाव झाली, पण त्यांतली बरीचशी दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम दाखवायची. म्हणजे मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याला दिल्ली आधी दिसली आणि मुंबईचं मराठी नंतर. उपग्रहाच्या मदतीने मराठी कार्यक्रम राज्यभर जायला आणखी काही वर्षं लागली. मराठी उपग्रह वाहिनी सुरू झाली १९९४ मध्ये आणि तिला सह्याद्री हे नाव मिळालं २००० साली.

तर अशा अपुऱ्या साधनांत या केंद्राने जे केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. ‘आमची माती आमची माणसं’ आठवा. शेतकऱ्यांसाठीचा हा कार्यक्रम किती पिढ्यांनी पाहिला! वर्ष १९७२ संपलं तेव्हा राज्यात ४ कृषी विद्यापीठं होती, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. तिथलं संशोधन शेतकऱ्यापर्यंत न्यायला पडद्याची वाट मिळाली, हे तर झालंच. पण मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. या कार्यक्रमात शेतकरी स्वतः बोलायचा. बांधावर उभा राहून, टोपी सारखी करत, आधी जरा अडखळत आणि मग खुलून. कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल वऱ्हाडातला माणूस वऱ्हाडीतच बोलायचा. त्याची भाषा कुणी ‘शुद्ध’ करून घेत नव्हतं. शहरातल्या बैठकीच्या खोलीत, जेवणाच्या आधी, असा एक माणूस येऊन बोलून जायचा. आपल्याला पुष्कळदा तो विषय कळायचाही नाही. पण आपल्या राज्यात अशी माणसं आहेत, ती अशी बोलतात, त्यांची चिंता ही आहे, एवढं नकळत मनात उतरायचं.

‘ज्ञानदीप’चं उदाहरण तर पुण्याच्या त्या श्रोतृमंडळांशी थेट नातं सांगतं. आकाशानंद हे त्याचे निर्माते. हा प्रौढांच्या शिक्षणाचा कार्यक्रम, नाव ऐकलं तर रूक्ष वाटेल. पण त्यातून गावोगाव ज्ञानदीप मंडळं उभी राहिली. प्रेक्षकांनी आपणहून एकत्र यायचं, कार्यक्रम पाहायचा आणि मग आपल्या वस्तीत काहीतरी करायचं, असा तो रिवाज पडला. आज दूरचित्रवाणीच्या यशाचं माप म्हणजे किती घरांत संच चालू होता याचा आकडा. संच बंद झाल्यावर त्या घरांत काय झालं, हे त्या आकड्याला दिसत नाही. ज्ञानदीप मंडळांचं काम संच बंद झाल्यावरच सुरू व्हायचं.

‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये साहित्यिक, कलावंत निवांत बोलायचे. ‘गजरा’ हसवायचा, ‘किलबिल’ मुलांचं. बातम्या द्यायला भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील यांच्यासारखे चेहरे होते, ज्यांना पुढे सारा देश ओळखू लागला. ‘साप्ताहिकी’ तर निव्वळ येत्या आठवड्याच्या कार्यक्रमांची माहिती, आणि तरी लोक ती ठरवून बघायचे. या सगळ्यांवर स्वतंत्र बोलता येईल, पण आज मला वळायचं आहे ते लोककलांकडे. तिथे या माध्यमाचं बळही दिसतं आणि त्याची उणीवही.

कोकणातला दशावतार घ्या. जत्रेच्या रात्री देवळापुढे उभा राहणारा हा खेळ पहाटेपर्यंत चालतो. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते आणि संवाद नट तिथल्या तिथे रचतात. रंगभूषा ज्याची त्याने करायची. आधी संकासुराचा पूर्वरंग आणि मग आख्यान. आता हा खेळ स्टुडिओत आणा आणि सांगा, तुम्हाला अर्धा तास आहे. काय उरेल? पोशाख उरतील, तलवारींचं युद्ध उरेल, मृदंगाचा एक तुकडा उरेल. दोन नट एकमेकांना शब्दांत पकडतात, देवळाच्या पायरीवरची म्हातारी मधेच दाद देते, रात्र चढते तसा खेळ चढतो, हे सगळं कापलं जाईल. आणि खरा दशावतार तर तेवढ्यातच असतो.

पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवरचं तारपानृत्य पाहा. दुध्या भोपळा, बांबू आणि मेण यांपासून केलेलं ते लांब वाद्य. भात कापणीला आलं, दिवाळी जवळ आली की ते वाजू लागतं. तारपकरी मधे आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेली बायामाणसं. तो फिरेल तशी साखळी फिरते. जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रांमुळे हे वर्तुळ जगभर पोचलं. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण रंगमंचासाठी हेच नृत्य बसवताना काय होतं? प्रेक्षक एका बाजूला बसलेले असतात, म्हणून वर्तुळाची ओळ होते. नाचणारे तारपकऱ्याकडे पाहायचे ते कॅमेऱ्याकडे पाहू लागतात. मला या बदलाचं फार वाईट वाटतं. त्यांनी आपल्यासाठी नाचावं अशी आपली अपेक्षा असते. त्यांच्या नाचात आपल्याला पाहुणे म्हणून उभं राहता आलं पाहिजे.

गोंधळाचंही तेच. संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने गोंधळी आधी देवतांना आवतण देतो. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, आणि मग त्या घराचं कुलदैवत, त्या गावचं ग्रामदैवत. संकलनाच्या टेबलावर ही यादी लांबण वाटते आणि पहिली कात्री तिलाच लागते. पण ती यादी म्हणजे त्या कुटुंबाचा नकाशा आहे. कोण कुठून आलं, कुणाचं नातं कुठल्या डोंगराशी, हे त्यात सांगितलेलं असतं. ती कापली की मागे उरते फक्त चाल.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. अर्ध्या तासाचा कार्यक्रम अर्ध्या तासाचाच असणार. पण राज्याच्या संस्कृतीसाठी हक्काने वेळ मागता येईल अशी जागा सार्वजनिक वाहिनीच आहे. खाजगी वाहिनीला जाहिरातीचा हिशेब चुकत नाही आणि त्यात गैरही काही नाही, तो तिचा व्यवसाय आहे. सह्याद्रीच्या मागे मात्र जनतेचा पैसा आहे. तेव्हा झाडीपट्टीची रंगभूमी रात्रभर दाखवायची असेल तर ती सह्याद्रीनेच दाखवावी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात धानाची कापणी झाली, दिवाळी सरली की नाटकांचा हंगाम लागतो. गावात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे तिथल्या नाटक मंडळ्यांचं मोठं ठिकाण. तिथले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यामुंबईतल्या कितीतरी रसिकांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. एकाच राज्यात राहून आपण एकमेकांना इतके अनोळखी असावं?

भाषांचंही तसंच आहे. मेळघाटात कोरकू बोलतात, गडचिरोलीत गोंडी, सातपुड्यात भिली. खानदेशात अहिराणी आहे, सिंधुदुर्गात मालवणी. मराठी वाहिनी म्हणजे फक्त प्रमाण मराठीची वाहिनी, असं समजून चालणार नाही. कोरकू आजीने नातवाला सांगितलेली गोष्ट तिच्या भाषेत ऐकू यावी आणि खाली मराठी अक्षरं यावीत, एवढं करायला आज फार मोठा खर्च येत नाही. निवेदकाने तिच्या आवाजावर आपला आवाज चढवणं मला तरी नको वाटतं. ती बोलते आहे ना, मग तिलाच बोलू द्यावं.

आता जपणुकीबद्दल बोलतो, कारण माझा जीव तिथे सर्वांत जास्त अडकला आहे. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात बरेच कार्यक्रम थेट प्रसारित व्हायचे, त्यांचं ध्वनिचित्रमुद्रण झालंच नाही. जे मुद्रित झाले त्यांच्या टेपा महाग, म्हणून पुष्कळ टेपा पुसून त्यांवर नवे कार्यक्रम घेतले गेले. त्या काळच्या माणसांना दोष देऊन उपयोग नाही, उद्याचा कार्यक्रम करायला त्यांच्या हातात दुसरी टेप नव्हती. पण त्या टेपांवर जे शाहीर होते, ज्या ओव्या गाणाऱ्या बाया होत्या, ते आवाज आता कुठेही नाहीत. जे वाचलं त्यातलं बरंच आता प्रसार भारतीच्या आणि सह्याद्रीच्या यूट्यूब वाहिन्यांवर बघायला मिळतं, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. फक्त एक त्रुटी मला नेहमी टोचते. साहित्यिकाची मुलाखत असेल तर त्यांचं नाव ठळक असतं. लोककलेचं चित्रण असेल तर पुष्कळदा नुसतं ‘लोकनृत्य’ किंवा ‘आदिवासी नृत्य’ लिहिलेलं असतं. कुठल्या गावचं पथक, ढोल कोण वाजवतोय, पुढे गाणारी बाई कोण, काही नाही. नाव नसलेला कलावंत कुणाचा आजा नसतो, कुणाची आत्या नसते. त्याच्या घरचे त्याला शोधू म्हणाले तरी शोधणार कसे?

कुणी म्हणेल, आता मोबाइलवर सगळं दिसतं, मग सह्याद्री हवी कशाला? याचं उत्तर २०२० च्या जुलैमध्ये मिळालं. शाळा बंद होत्या. शिक्षण मोबाइलवर सुरू झालं आणि ज्यांच्या घरी मोबाइल नव्हता, किंवा होता पण त्याला रेंज नव्हती, ती मुलं बाहेर राहिली. तेव्हा सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, घरातल्याच वस्तू घेऊन, आईवडिलांच्या सोबतीने शिकायचं. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचं भाडं पडत नाही, त्यामुळे जिथे वीज आणि संच होता तिथे धडा पोचला. ज्याच्यापर्यंत बाजार जात नाही त्याच्यापर्यंत जाणं, हे सार्वजनिक वाहिनीचं काम आहे. आषाढीला पंढरपूरहून महापूजेचं थेट प्रक्षेपण होतं, तेव्हा अंथरुणाला खिळलेला वारकरी घरून हात जोडतो. त्याच्यासाठीही ही वाहिनी आहे.

श्रोतेहो, तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरातलं माणूस कधी ना कधी दूरदर्शनवर गेलं असेल. भजनी मंडळातून, शाहिरी पथकातून, ‘आमची माती’तल्या शेतकऱ्यांत, किंवा ‘किलबिल’मधल्या मुलांत. ते चित्रण आज यूट्यूबवर असेल तर शोधा. घरातल्या मुलांना जवळ बसवून पाहा. त्यात जे ओळखू येतील त्यांची नावं, त्यांचं गाव, साधारण साल, गाण्याचे शब्द आठवत असतील तर तेही, एका कागदावर लिहा आणि वरळीला मुंबई दूरदर्शन केंद्राच्या पत्त्यावर पाठवा. सोबत तो कार्यक्रम कुठला, हे लिहायला विसरू नका. आणि म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा, कारण ‘लोकनृत्य’ एवढंच लिहिलेल्या त्या चित्रणातली तिसऱ्या रांगेतली बाई कोण, हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे.

नमस्कार.