धुऱ्यावरची माती

[दृश्य : एप्रिल महिना, पहाट. मुरमाड टेकडीचा उतार. पायवाटेनं चढणाऱ्या बाया. घमेल्यावर घमेलं आदळल्याचा आवाज.]

यवतमाळ जिल्ह्यातली ही टेकडी. दिवस उगवायला अजून वेळ आहे आणि चराच्या, म्हणजे पाणी अडवायला उतारावर आडव्या खणायच्या नाल्यांच्या कामावर बाया येऊन पोचल्यासुद्धा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मातीचं काम करायचं तर ते नवाच्या आत उरकावं लागतं, नंतर मुरूम पायाला चटके देतो. म्हणून यांचा दिवस तीन वाजताच सुरू झालाय. पाण्याचे गुंड भरले, भाकरी थापल्या, निजलेल्या लेकरांसाठी झाकून ठेवल्या, आणि मग टिकास-फावडं घेऊन या निघाल्या.

माझी माय अशीच निघायची. मी तिच्यामागं टेकडीपर्यंत जायची आणि पळसाच्या सावलीत धाकट्या भावाला सांभाळत बसायची. त्यामुळे एखाद्या अहवालात 'महिलांचा सहभाग' असं वाचलं, की मला आधी तिच्या डोक्यावरची चुंबळ आठवते.

1972 च्या दुष्काळात राज्यात गावोगाव कामं निघाली. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. 2005 मध्ये तसाच कायदा साऱ्या देशासाठी आला. पाझर तलाव, नाला बांध, चर, बांधबंदिस्ती, या सगळ्या कामांवर बाया पहिल्यापासून आहेत. माती खणायची गड्यानं आणि वाहायची बाईनं, अशी वाटणी. मजुरी निघते ती खड्ड्याच्या मापावर. माती टाकायला बाईनं किती फेऱ्या मारल्या, ते कोणत्याच वहीत लिहिलेलं नसतं.

[दृश्य : तीन बांबू, सुतळी, एक गोटा. हात जवळून.]

आता हे बघा. तीन बांबू, इंग्रजी 'ए' अक्षरासारखे बांधलेले. वरच्या टोकाला सुतळी, सुतळीला गोटा. याला ए-फ्रेम म्हणतात. ही काकू काय करते ते नीट पाहा. तिनं चौकट उभी केली आणि सुतळी आडव्या बांबूवर जिथं टेकली तिथं कोळशानं खूण केली. मग चौकट फिरवली. डावा पाय उजव्याच्या जागी, उजवा डाव्याच्या. पुन्हा खूण. दोन्ही खुणांच्या बरोबर मधोमध तिसरी खूण, ती मात्र विळ्यानं कोरलेली. इथून पुढं सुतळी या कोरीव खुणेवर आली की समजायचं, चौकटीचे दोन्ही पाय एका पातळीत आहेत.

एक पाय रोवायचा, दुसरा फिरवायचा, सुतळी खुणेला लागेस्तोवर वर-खाली सरकवायचा, आणि तिथं चुन्याची चिमूट टाकायची. असं करत काकू टेकडीला वळसा घालत जाते. तिच्यामागं पांढरी रेघ उमटते. टेकडी जशी वळते तशी ती रेघ वळते. ती एका टोकाला जराशी जरी उतरली, तरी पाणी चरात थांबणार नाही. ते त्या बाजूला धाव घेईल, आणि माती अडवायला खणलेला चरच माती घेऊन जाईल.

चर साधारण 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल. निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला टाकायची, म्हणजे तिचाच बांध होतो. असा दहा मीटर लांबीचा चर काठोकाठ भरला, तर त्यात 1,800 लिटर पाणी बसतं. पंधरा लिटरच्या गुंडानं मोजलं तर 120 गुंड. लिटरचा हिशेब ऐकताना बाया गप्प होत्या. गुंडाचा सांगितल्यावर दोघी-तिघींनी चराकडं वळून पाहिलं.

[दृश्य : टेकडीखालचं वावर. भेगाळलेली काळी जमीन. पुढं जुलैमधलं निंदण.]

खाली वावर आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा खडक. उन्हाळ्यात ही जमीन अशी उलते, की भेगेत पडलेला विळा हाती लागत नाही. पावसात ती फुगते, भेगा मिटतात, आणि मग जोराचा पाऊस आत न मुरता वरून वाहायला लागतो. एका हेक्टरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला तर 10,000 लिटर पाणी होतं. एका झडीत 50 मिलिमीटर आला, तर पाच लाख लिटर. ते मोकळं सुटलं, की वावर खरडून निघतं. जाते ती वरची माती, खतावलेली, जिच्यात पीक येतं ती.

पाणी कुठून शिरतं आणि कुठून माती नेतं, हे निंदणाऱ्या बाईइतकं जवळून कोणी पाहत नाही. डवऱ्यामागं चालणारा गडी उभा असतो. निंदणारी बाई दिवसभर उकिडवी, जमिनीपासून हातभर अंतरावर. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, कोणत्या तासात मुळं उघडी पडली, कुठं पाणी साचून सोयाबीन पिवळं पडलं, कोणत्या धुऱ्याला, म्हणजे वावराच्या बांधाला, उंदरानं भोक पाडलं, तिला सगळं ठाऊक असतं.

आमच्या शिवारात एक मातीचा नाला बांध झाला. आखणीच्या दिवशी माय मजुरीला होती. ती म्हणाली, "इथं नोका करू भाऊ, इथली माती धरत नाई. वरतं आंब्यापाशी घ्या." कोणी मान वर केली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात बांध बाजूनं फुटला आणि खालच्या वावरात मुरूम पसरला. तो वेचायलाही बायाच होत्या. माय त्यावर कधी काही बोलली नाही. मला मात्र ते आजही सलतं.

तिला विचारलं का गेलं नाही? कारण जागेची बोलणी सातबारा ज्याच्या नावावर, त्याच्याशी होतात. 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. चांगली योजना, पण अर्जाला सातबारा आणि आठ-अ लागतो. नवरा गेला आणि जमीन सासऱ्याच्याच नावावर राहिली, अशा बाया आपल्याकडं गावोगाव आहेत. वावर त्या कसतात, कर्ज त्या फेडतात, आणि मागायची वेळ आली की कागदावर त्या नसतात.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा म्हणून. 1992 मध्ये सरकारनंही लक्ष्मीमुक्तीचा आदेश काढला. नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागू शकतं. अडचण त्या वाक्याच्या सुरुवातीलाच आहे. अर्ज नवऱ्यानं करायचा आहे.

[दृश्य : सरपणाची मोळी. टेकडीच्या पायथ्याशी शेळ्या.]

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. पाणलोटाचं काम झालं की टेकडीवर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी लागते. ती लागलीच पाहिजे. गवत धरल्याशिवाय माती थांबत नाही. पण सरपण आणतं कोण? शेळ्या कोणाच्या? ज्या घरी वावर नाही, त्या घरच्या बाईला टेकडी बंद झाल्या दिवसापासून कोस-दीड कोस लांब जावं लागतं. विहिरीला पाणी वाढतं ते वावरवाल्यांच्या. बंदी ठरवताना या बायांना आधी बोलावलं, तर वाट निघते. गवत विळ्यानं कापून न्यायची मोकळीक ठेवता येते, टेकडीची एक बाजू आळीपाळीनं उघडी ठेवता येते. मग राखणही त्याच करतात.

2016 मध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली पाणी अडवायची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिल्या तीन तालुक्यांत कोरेगाव आणि अंबाजोगाईबरोबर आपलं वरुड होतं. संत्र्याच्या बागांसाठी बोअर खोल खोल जात राहिलेला तो भाग. त्या वर्षी आणि पुढंही बाया मुक्कामी प्रशिक्षणाला गेल्या. सासरच्या उंबऱ्याबाहेर काही दिवस एकटीनं राहायचं, आणि परत येऊन गावातल्या पुरुषांना उताराची टक्केवारी समजावून सांगायची. हे किती अवघड आहे, ते खेड्यात नांदलेल्या बाईलाच कळेल.

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथं जमिनीखालचं पाणीच खारट. ते पिकाला दिलं तर माती चोपण, म्हणजे घट्ट आणि निकामी होते. तिथं पावसाचं गोडं पाणी शेततळ्यात धरणं, एवढाच आधार, आणि पिण्याच्या पाण्यासाठी बायांनी काय पायपीट केली, त्याची मोजदाद नाही.

आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. कायदाच आहे. चर कुठं, बांध कुठं, आधी कोणाचं वावर, हे त्या सभेत ठरू शकतं. पण बऱ्याचदा वहीच घरोघर फिरते, सह्या होतात आणि सभा झाली असं लिहिलं जातं. माझी विनंती आहे, एकदा त्या सभेला बसा. आपल्या शिवाराचा नकाशा जमिनीवर रांगोळीनं काढा, आणि पाणी कुठून कुठं जातं ते त्या वहीत लिहायला लावा.

[दृश्य : जून. मृगाचा पहिला मोठा पाऊस ओसरतोय. तीच टेकडी, चर भरलेले.]

पाऊस थांबल्यावर काकू टेकडीवर आलीय. तिला कोणी पाठवलेलं नाही, आजची मजुरीही नाही. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात फावडं. ती चराच्या काठानं चालतेय. चौथ्या चरापाशी थांबली. तिथं बांधाची कड ओली होऊन खचलीय, बोटभर पाणी निसटतंय. तिनं दोन गोटे लावले, वरून फावड्यानं माती ओढली, पायानं दाबली. पुन्हा दाबली. वाकून पाहिलं. पाणी थांबलं होतं. मग खोळ सावरून ती पाचव्या चराकडं गेली.